तांबड्या चिंधीची तोटी

आमच्या लोणावळ्याच्या घराचे गॅरेज गाडी विकल्यापासून रिकामे होते. यजमानांच्या डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली, मला गाडी चालवता येत नव्हती आणि साठी उलटल्यावर ते शिकण्याचे धाडस माझ्याने होण्यासारखे नव्हते. गाडी गेली आणि सिमेंटच्या जमिनीवर तेलाचा एक काळा डाग तेवढा मागे राहिला. त्या डागावर एके दिवशी मी माझे जुने लोखंडी कपाट ओढत आणले आणि रंगवायला घेतले. महाविद्यालयात तेहतीस वर्षे मराठी शिकवून झाल्यावर हाताने काही करावे, असे फार दिवस मनात होते. कोणाला बोलले नव्हते. बोलले की लोक विचारतात, आणि विचारले की मला उत्तर सुचत नाही.

ब्रशाचा पहिला हात वाळला तेव्हा कपाटावर वरपासून खालपर्यंत फराटे उमटले होते. यजमान चहाचा कप घेऊन दारात उभे राहिले आणि बराच वेळ पाहत राहिले.

"अगं, वाघ रंगवायचा होता का?"

"कपाटच आहे."

"मग पट्टे कशाला?"

मी सगळे घासून काढले आणि पुन्हा रंग दिला. पट्टे जागा बदलून परत आले.

त्याच आठवड्यात आमच्या विहिरीवरची मोटर दुरुस्त करायला आबा आले. कामशेतच्या बाजारपेठेतून पवनेकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचे पत्र्याचे दुकान आहे. पंक्चर काढण्यापासून भातगिरणीच्या दुरुस्तीपर्यंत ते सगळे करतात. वय सत्तरीच्या पुढचे. राहणे डोंगराच्या अंगाला असलेल्या चार-सहा घरांच्या वाडीत, आणि तिथेच थोडी भातशेती. सगळे त्यांना आबा म्हणत, म्हणून मीही म्हणत असे. ते मला बाई म्हणत. महाविद्यालयात मी सर्वांची मॅडम होते आणि त्या शब्दात मी कधी नीट मावले नाही. आबांच्या तोंडची 'बाई' मात्र मला माझ्या मापाची वाटे.

मोटर सुरू करून हात पुसत ते गॅरेजपाशी थांबले.

"बुरुशानं न्हाई व्हायचं ह्ये, बाई. हवा लागंल."

"हवा?"

"कॉम्प्रेसर. फवारा मारायचा. मंग बगा कसं येतंय."

मी मान हलवली. कॉम्प्रेसर कुठे मिळतो, केवढा असतो, घरात ठेवता येतो का, हे सारे मला विचारायचे होते. आबांनी ते माझ्या तोंडावर वाचले असावे. कारण पुढच्या रविवारी ते एका ओळखीच्या टेम्पोतून जुनी हवेची टाकी, एक मोटर आणि गोणपाटात गुंडाळलेली एक जड वस्तू घेऊन आले. गोणपाट सोडले तेव्हा आतून बिडाचा, पंख्यासारख्या पात्यांचा काळा ठोकळा निघाला. हवा दाबण्याचे काम हाच भाग करतो. त्याला ते हेड म्हणत.

"ह्ये हेड घिऊन म्या दुकान मांडलं," आबा म्हणाले. "तवा दुसरं कायबी न्हवतं. हेड, दोन पाने अन् पान्याची बादली."

"पाने पाण्यात?" यजमानांनी विचारले.

"पाने पिशवीत, साहेब. पानी बादलीत. तुमाला एकदा पंक्चर काढाय बसवाया पायजे."

दोन रविवार ते आमच्या गॅरेजमध्ये बसून ते यंत्र जुळवत होते. मी पाने देत होते. कोणता पाना हे ते आकड्याने सांगत, आणि आकडा पाहून मी तो उचले. आयुष्यात इतके सोपे काम मला कोणी सांगितले नव्हते. पट्टा चढला, हवेचा दाब दाखवणारा काटा बसला, मोटर सुरू झाली, आणि ते हेड असे धडधडू लागले की शेजारच्या बंगल्यातील पहारेकरी कुंपणापाशी येऊन पाहून गेला.

"दुकानात आता मोठं मशीन हाय," आबा म्हणाले. "ह्ये कोपऱ्यात गंजत पडलं व्हतं. पोराला भंगार वाटतंय त्ये. तुमाला देतो, पर येक करा बाई. चालतं ठिवा."

मी म्हटले, "हो."

मग ते गुडघ्यावर बसले आणि टाकीच्या अगदी तळाशी असलेली एक छोटी पितळी तोटी त्यांनी मला दाखवली. खिशातून तांबड्या कापडाची चिंधी काढून त्यांनी ती तोटीला बांधली.

"रोज काम झालं का सांजच्याला हितनं सोडायचं. चिंधी दिसली म्हंजी आठवन व्हईल. समजलं न्हवं?"

"हो, समजलं."

काय सोडायचे, ते मला समजले नव्हते.

हे 'हो' माझे जुने आहे. लहानपणी गणिताच्या तासाला मी ते शिकले. समोरचा माणूस आपल्यासाठी थांबला आहे, आणि आपण आणखी एक प्रश्न विचारला तर त्याला आणखी थांबावे लागेल, या संकोचातून ते तोंडातून निघून जाते. पुढे मीच शिक्षिका झाले. प्रत्येक तासाच्या शेवटी मी वर्गाला म्हणत असे, "समजलं नसेल तर विचारा," आणि वर्ग एका सुरात हो म्हणत असे. त्यातली निम्मी माझ्यासारखीच असतील, असे मला त्या वेळी कधी वाटले नाही.

दिवस कोरडे होते. मी दोन संध्याकाळी ती तोटी फिरवली. दोन्ही वेळा फुस्स करून नुसती हवा गेली आणि काटा शून्यावर उतरला. यजमान शेजारी उभे होते.

"भरलेली हवा सोडून द्यायची आणि उद्या पुन्हा भरायची," ते म्हणाले. "याला आमच्या ऑफिसात कामकाज म्हणत."

मला ते पटले. आबांनी खबरदारी म्हणून सांगितले असेल, असा अर्थ मी लावला आणि तिसऱ्या दिवसापासून तोटीला हात लावला नाही.

त्या यंत्रावर मी कपाट रंगवले, मग अंगणातला झोपाळा, मग शेजाऱ्यांच्या खुर्च्या. पहिल्यांदा फवारा पत्र्यावर धुक्यासारखा बसला तेव्हा मी हात थांबवून नुसती पाहत राहिले होते. वैशाखात कधीतरी आबा चिक्कीच्या एका कारखान्यात कामाला आले असताना मुद्दाम घरी आले. कपाटावरून त्यांनी बोटांची मागची बाजू फिरवली, कारण पुढच्या बाजूला तेल होते.

"आरसा केलाय बाईंनी," ते यजमानांना म्हणाले. मग हेडवर हात ठेवला. यंत्र बंद होते, तरी ते थोडा वेळ तसेच उभे राहिले. "चालतंय न्हवं?"

"छान चालतंय."

वळता वळता त्यांनी खाली वाकून चिंधीकडे पाहिले. ती जागेवर होती. त्यांनी काही विचारले नाही.

लोणावळ्याच्या पावसात घरातले मीठ पाझरते, काडेपेटी मऊ पडते आणि भिंतींना घाम येतो. इथे राहणाऱ्या कोणालाही हे सांगावे लागत नाही. मला हे चाळीस वर्षे ठाऊक होते. यंत्र जी हवा आत ओढते ती हीच हवा, आणि दाबली की ती आपले पाणी टाकीतच टाकून देते, एवढा एक विचार मात्र मला शिवला नाही. श्रावणाच्या सुरुवातीला यंत्राची तक्रार सुरू झाली. टाकी भरली असे काटा सांगे आणि थोडा फवारा मारला की काटा घसरे. मोटर सारखी सुरू होई आणि तापे. रंगावर बारीक फोड येऊ लागले. घासून पुन्हा रंगवले की पुन्हा फोड.

चार दिवस मी आबांना फोन करण्याचे धैर्य गोळा केले. पाचव्या दिवशी केला. आमच्या पत्र्यावर पाऊस कोसळत होता. ते शेतात होते आणि त्यांच्याकडचाही पाऊस मला फोनमधून ऐकू येत होता.

"आबा, हवा टिकत नाही. मोटर सारखी चालू होते."

"काय म्हनता?"

मी पुन्हा सांगितले. पलीकडे आवाज तुटत होता. तुटलेल्या वाक्यांतून माझ्यापर्यंत पोचले ते एवढेच:

"...पानी सोडा, बाई. लय दिस झालं आसतील..." मग खरखर, आणि मग, "...लावनी उरकली का येतो."

"हो," मी म्हटले. "बरं, आबा."

फोन ठेवून मी तिथेच बसले. मराठीचे वाक्प्रचार मी किती वर्षे शिकवले असतील. 'पाणी सोडणे' हा त्यांतला माझा विशेष आवडता. दान देताना हातावरून पाणी सोडतात, आणि ते सोडले की वस्तूवरचा आपला हक्क संपतो. म्हणून एखाद्या गोष्टीवर पाणी सोडणे म्हणजे तिची आशा कायमची सोडणे. अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा, असा प्रश्न मी स्वतः काढत असे. आणि आज एका वृद्ध कारागिराने, ज्या हेडवर आपले दुकान उभे राहिले त्याच्याविषयी, इतक्या कमी शब्दांत तो उपयोग करून दाखवला होता. पाणी सोडा, फार दिवस झाले त्याला. माझे डोळे भरून आले. आबांना परत फोन करावा, नीट विचारावे, असे एकदा मनात आले. पण माणूस चिखलात उभा आहे, आणि जड मनाने बोललेली गोष्ट त्याला पुन्हा बोलायला लावायची, हे मला निष्ठुरपणाचे वाटले.

"आबा काय म्हणाले?" यजमानांनी विचारले.

"त्याची आशा सोडा म्हणाले. फार जुनं झालंय."

"मी कधीपासून म्हणतोय. नवीन घेऊ."

तळेगावहून नवे यंत्र आले. निळे, चाकांवर फिरणारे, फारसा आवाज न करणारे. रंगवायला आणलेल्या सामानामुळे गॅरेजमध्ये दोन यंत्रांना जागा नव्हती. जुने भंगारवाल्याला देताना मी दारात उभी होते. त्याने ते आडवे करून हातगाडीवर चढवले तेव्हा टाकीच्या आत काहीतरी मोठ्याने डुचमळले. तो म्हणाला, "लय जड हाय ओ." मी म्हटले, "बिडाचं आहे." तो आवाज मी स्वतःच्या कानांनी ऐकला होता, ही गोष्ट मी आजपर्यंत यजमानांनाही सांगितलेली नाही.

साधारण दहा दिवसांनी आबा आले. लावणी उरकली होती. पायांच्या नखांत अजून शेतातला चिखल होता. एका हातात वर्तमानपत्रात बांधलेली कर्टुली होती आणि दुसऱ्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत नवा पट्टा आणि जाड कागदाचे, हाताने कापलेले, हेडच्या सांध्यात बसवायचे पॅकिंग. "पाऊस संपायच्या आत समदं खोलून साफ करू," असे म्हणत ते गॅरेजमध्ये शिरले आणि थांबले.

निळे यंत्र त्यांनी पाहिले. मग त्यांची नजर कोपऱ्यांतून फिरली, दाराच्या मागे गेली, आणि परत आली.

"आपलं कुटं हाय?"

मी बोलायच्या आत यजमान म्हणाले, "दिलं की हो आबा. तुम्हीच म्हणालात ना, आशा सोडा म्हणून."

आबांनी माझ्याकडे पाहिले. पिशवी त्यांनी पायाशी ठेवली, कर्टुली माझ्या हातात दिली आणि सवयीने, जणू कामाला आलेच आहेत तर, नव्या यंत्रापाशी गुडघ्यावर बसले. टाकीखाली हात घालून त्यांनी काहीतरी फिरवले. पाण्याची एक दुधट धार जोराने बाहेर आली, जमिनीवर पसरली आणि तेलाच्या त्या जुन्या डागावरून वाहत दारापर्यंत गेली.

"ह्येचंबी पानी सोडत जा, बाई," ते म्हणाले. "पावसाळ्यात रोज सोडाया लागतं. न्हाईतर हवेला जागाच ऱ्हात न्हाई टाकीत."

कर्टुलीचे पुडके हातात धरून मी उभी राहिले. फोनवरचे वाक्य मला त्या क्षणी पूर्ण ऐकू आले. 'टाकीचं पानी सोडा, बाई.' पावसाने त्यातला एक शब्द खाल्ला होता, आणि त्याच्या जागी तेहतीस वर्षांचे मराठी घालून मी वाक्य पुरे केले होते.

त्याच वेळी सांगायला हवे होते. मी चुकीचे ऐकले, एवढे तीन शब्द होते. पण आबाच आधी बोलले.

"बरं झालं तसं. नवं साजरं हाय. आमचं काळं धूड तुमच्या बंगल्यात शोभतबी न्हवतं."

"नाही आबा, तसं नाही," मी म्हटले. आणि पुढचे वाक्य आले नाही.

त्यांनी चहा घेतला. यजमानांनी पावसाचे, लावणीचे विचारले, त्यांनी उत्तरे दिली. जाताना पट्ट्याची पिशवी उचलून बरोबर नेली. फाटकापर्यंत मी गेले. त्यांचा समज मला स्वच्छ दिसत होता: बाईंना ते यंत्र जुने वाटले, ओबडधोबड वाटले, आणि त्यांनी ते मोडीत काढले. त्यांच्या मुलाने जे म्हटले होते तेच मी करून दाखवले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भंगारवाल्याकडे गेले. त्याच्या आवारात मी यापूर्वी कधी पाऊल टाकले नव्हते. माझे बोलणे त्याला दोनदा सांगावे लागले, इतके ते हळू होते.

"बीड गेलं ताई. घण घालून तुकडे केले अन् गाडीत भरलं. टाकीबी गेली."

"काहीच नाही का?"

"पितळ वायलं काढतो आमी. त्या डब्यात बगा असलं तर."

डब्यात नळांची टोके, कड्या, दिव्यांचे फुटके भाग होते. अगदी वर ती तोटी होती. चिंधीचा रंग उडाला होता, गाठ मात्र आबांनी मारली होती तशीच होती.

ती घेऊन मी कामशेतला गेले. लगेच गेले नाही. तीन आठवडे ती माझ्या टेबलावर होती आणि रोज मी मनात वाक्ये रचत होते. मला दोन गोष्टी बोलायच्या होत्या, आणि यजमानांना त्या सांगून ठेवल्या होत्या. पहिली, चूक कशी झाली ते. दुसरी, आपण दोघे मिळून पुन्हा एक यंत्र जुळवू या का. निळे मी कोणालाही देऊन टाकेन. पाने मी देईन.

आबा दुकानात एका ट्रॅक्टरची ट्यूब बादलीत बुडवून बुडबुडे पाहत होते. मला पाहून त्यांनी स्टूल पुढे केले आणि समोरच्या हॉटेलात चहाची खूण केली. मी तोटी त्यांच्या हातात ठेवली.

त्यांनी आधी गाठ पाहिली. मग अंगठा आणि बोटाने तोटी फिरवून पाहिली. ती फिरली नाही. आतला गंज तोंडाशी येऊन चिखलासारखा घट्ट बसला होता. त्यांनी पुन्हा जोर लावला.

"ही फिरवलीच न्हाई तुमी."

"दोनदा फिरवली होती. नुसती हवा आली."

"तवा उनाळा व्हता."

"हो."

मग मी सांगितले. फोनवर काय ऐकले, त्याचा काय अर्थ लावला, सगळे. हातावरून पाणी सोडण्याचा अर्थही सांगितला. तो त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होता, हे सांगता सांगता लक्षात आले. यंत्र ओबडधोबड वाटले म्हणून दिले नाही, हेही सांगितले. आबा ऐकत होते. मध्ये एकदा हसले, फार नाही.

"आसं व्हय," ते म्हणाले. आणि तोटी उलटी करून पाहत, "मंग परत इचारायचं व्हतं, बाई. म्या काय रागावलो आसतो व्हय?"

त्या आवाजात खरोखरच राग नव्हता. असता तर मला काही उत्तर सुचले असते.

त्यांनी तोटीवर तेलाचे दोन थेंब सोडले, पकडीत धरून हलकेच हिसका दिला, एका तारेने आतला गंज टोकरून काढला आणि तोंडाने फुंकर मारली. फुंकर पलीकडून निघाली. तोटी आता एका बोटाने फिरत होती. त्यांनी ती दोनतीन वेळा उघडली, मिटली, आणि भिंतीवरच्या फळीवर, नटबोल्टच्या डब्याशेजारी ठेवली. चिंधी सोडली नाही.

चहा आला. आम्ही तो घेतला. ट्यूब पुन्हा बादलीत गेली, आणि बुडबुडे कुठून येतात ते पाहत आबांनी विचारले,

"आजून काय, बाई?"

दुसरी गोष्ट माझ्या तोंडाशी आली होती. पण त्यांचे हात कामात होते, बाहेर एक माणूस मोटरसायकल लावून वाट पाहत होता, आणि ज्याचे हेडच फुटून गेले आहे त्याला पुन्हा यंत्र जुळवायला कोणत्या तोंडाने सांगायचे, असे वाटले. ते थांबले होते. मला आता वाटते, ते जरा जास्तच थांबले होते.

"काही नाही, आबा. येते मी."

"या," ते म्हणाले.

घरी पोचले तेव्हा यजमान व्हरांड्यात बसले होते.

"काय म्हणाले आबा?"

"विचारायचं होतं म्हणाले."

"मग विचारलंस का, पुन्हा करून देतील का ते?"

मी पिशवी ठेवली आणि गॅरेजमध्ये गेले. निळ्या यंत्रापाशी वाकून तोटी उघडली. पाणी बरेच होते. ते संपून नुसती हवा येईपर्यंत मी तशीच वाकून उभी राहिले.